पंपापर्यंत निरोपच गेला नव्हता

शुक्रवारी दुसरा तास चालू असताना मेहुण्याचे फोन येऊ लागले. वर्गात मी फोन घेत नाही. मधल्या सुट्टीत पाहिलं तर सात मिस्ड कॉल. पोटात गोळाच आला, कारण सासूबाईंची तब्येत त्या दिवसांत बरी नव्हती. घाईघाईने फोन लावला, तर पलीकडून एवढंच ऐकू आलं, "दुल्हाभाई, छत हलंना!"

आमच्या घरातलं बोलणं दखनीत चालतं, इथे मी ते मराठीत लिहितो आहे. पण त्या वाक्यातली घबराट कुठल्याही भाषेत कळावी अशी होती.

छत म्हणजे घराचं नव्हे, गाडीचं. मेहुण्याचा इंदापुरात मंडप-डेकोरेशनचा धंदा आहे. दोन वर्षांपूर्वी त्याच्या लक्षात आलं की लग्नात घोड्याची मागणी कमी होऊन लोक 'ओपन कार' मागू लागलेत. आपल्याकडे ओपन कार म्हणजे बहुधा जुनी जीप, वरून कापलेली, रंगवलेली, पुढे दोन मोठे दिवे लावलेली. याने मात्र पार्टनरशी मिळून पुण्यातून एक जुनी परदेशी गाडी उचलली. तिला वरून कापडी छत. बटण दाबलं की छत आपोआप उठतं, मागे जातं, घडी घालून डिकीत बसतं. अठरा-वीस सेकंदांचा खेळ, पण मांडवासमोर तो खेळ बघायला नवरदेवापेक्षा जास्त गर्दी होते. पतसंस्थेचं कर्ज काढून घेतलेली गाडी. लग्नातल्या उधळपट्टीबद्दल मी अनेकदा लिहिलं, बोललो आहे. निकाह साधा असावा, हे माझं मत आजही आहे. पण त्या गाडीच्या हप्त्यावर माझ्या बायकोच्या भावाचं घर चालतं, हेही तितकंच खरं. दोन्ही गोष्टी एकाच दस्तरखानावर बसून जेवतात.

रविवारी निमगाव केतकीतल्या एका बागायतदाराच्या मुलीचं लग्न होतं. नवरी उघड्या गाडीतून मांडवात येणार, असं ठरलेलं. ॲडव्हान्स घेतलेला आणि खर्चही झालेला. गुरुवारी रात्री गाडी बारामतीत एका कार्यक्रमाला होती. तिथे पोरांनी हट्ट केला म्हणून ड्रायव्हरने दहा-बारा वेळा छत उघडून-मिटून दाखवलं. मग सामान भरून, छत लावून गाडी इंदापूरला आणली. सकाळी बटण दाबलं तर काहीच नाही. पुण्यातल्या एका गॅरेजला फोन केला. तिथल्या माणसाने सगळं ऐकून निकाल दिला, "इतक्या वेळा चालवलं म्हणजे पंप गेला. नवा टाकावा लागेल." खर्च सव्वा लाखाच्या आसपास, आणि पार्ट यायला आठ दिवस.

"तुम्ही या," मेहुणा म्हणाला. "गाडीचं पुस्तक इंग्लिशमध्ये आहे. इथे मेकॅनिक चांगला आहे, पण पुस्तक वाचून सांगणारं कुणी नाही."

मी उर्दू आणि मराठीचा शिक्षक. इंग्रजी वाचतो, पण मोटारींमधलं मला शून्य कळतं. तरी गेलो. नाही म्हणण्यासारखा आवाज नव्हता तो.

जुम्याची नमाज पढून मोटारसायकलवर निघालो. बारामती ते इंदापूर पन्नासेक किलोमीटर. हंगाम चालू होता. भवानीनगरच्या कारखान्याजवळ उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली, लासुर्णे येईपर्यंत मागे-पुढे ऊसच ऊस. जंक्शनला एक फाटा वालचंदनगरकडे जातो. वालचंद हिराचंदांनी तिथे साखर कारखाना उभा केला, त्याच्याबरोबर यंत्रं घडवणारा कारखानाही वाढला. त्याच माणसाने १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी सुरू केली. आपल्या पिढीने लहानपणी पाहिलेली पद्मिनी त्याच कंपनीची. म्हणजे या रस्त्याला मोटार काही नवी नाही. पुढे अंथुर्णे, शेळगाव आणि मग निमगाव केतकी, पानमळ्यांचं गाव. तिथे एका वाड्यासमोर मांडवाचे खांब उभे राहत होते. तोच मांडव असेल का, असं वाटून मी गाडीचा वेग वाढवला.

वाटेत अब्बांची आठवण येत होती. अब्बा बारामतीत हूड शिवायचे. जीपचे, रिक्षाचे, क्वचित ट्रॅक्टरचे. जाड सुईचं मशिन, रेक्झिनचे ताके, टिचबटणांचा डबा. पुढे एमआयडीसीत पियाजोचा कारखाना आला आणि तीनचाकी वाढल्या, तशी त्यांची कामंही वाढली. त्यांच्या हूडला ना मोटर होती ना पंप. दोन हातांनी ओढायचं, पट्टे आवळायचे, बटणं दाबायची. 'हलत नाही' अशी तक्रार आलीच तर लोखंडी कमानीचा बोल्ट गंजलेला असायचा. दोन थेंब तेल, की झालं. छत आणि माणूस यांच्यामध्ये दुसरं कुणीच नव्हतं.

माणसाला मात्र हात न लावता छत हलवायची हौस फार जुनी आहे. पॅरिसमध्ये जॉर्ज पोलँ नावाचे एक दंतवैद्य होते. १९३०च्या दशकात त्यांनी गाडीचं अख्खं पत्र्याचं छत मागच्या डिकीत जाऊन बसेल अशी रचना काढली आणि प्यूजो कंपनीने तशा गाड्या बाजारात आणल्या. दुसऱ्या महायुद्धात हे पोलँ जर्मनांविरुद्धच्या गुप्त लढ्यात उतरले. पकडले गेले आणि १९४२ साली त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. पुढे १९५७ ते १९५९ या काळात अमेरिकेत फोर्डची स्कायलायनर आली. तिचं छत हलवायला सहाशे फुटांहून जास्त वायर आणि कितीतरी रिले लागत. छत आणि माणूस यांच्यामध्ये आता पुष्कळ जण उभे राहिले होते. त्यातला एक जरी गप्प बसला, तरी छत जागचं हलणार नव्हतं.

गॅरेज हायवेच्या कडेला होतं. फलकावर ट्रॅक्टर-ट्रॉली, हायड्रोलिक जॅक, वेल्डिंग असं सगळं लिहिलेलं. दारात उसाच्या दोन ट्रॉल्या आणि त्यांच्यामध्ये ती तुळतुळीत परदेशी गाडी, एखाद्या पाहुणीसारखी संकोचून उभी. जाड काचांचा चष्मा लावलेला एक तरुण डिकीत अर्धा आत वाकला होता. माझा आवाज ऐकून बाहेर आला, हात पुसले.

"सलाम, सर. ओळखलं का?"

ओळखलं नव्हतं. त्याने नाव सांगितलं तेव्हा ओळखलं. माझ्या सुरुवातीच्या वर्षांतला विद्यार्थी. मूळचा इंदापूर तालुक्यातला, खालाकडे राहून आमच्या शाळेत शिकायचा. नववीत शाळा सोडली होती. मला एवढंच आठवत होतं की तो मागच्या बाकावर बसायचा आणि त्याची वही म्हणजे चुकांचं भांडार असायचं. मी कसनुसं हसलो आणि गाडीच्या पुस्तकाकडे वळलो.

मेहुण्याने तोवर पंपाच्या किमतीचा घोष लावला होता. मुलाने त्याला शांतपणे थांबवलं. "भाई, पंप गेला असेलही. पण आधी बघू, त्याच्यापर्यंत करंट जातो का."

पुढचे दोन तास मी त्याचं काम पाहत होतो. ते नीट सांगतो, कारण मला जे शिकायचं होतं ते त्या क्रमातच होतं.

त्याने मला समोर बसवलं आणि सांगितलं, "सर, मी म्हणेन तेव्हा बटण दाबा. बाकीच्यांनी बोलायचं नाही." मी दाबलं. तो डिकीपाशी कान लावून उभा. पूर्ण शांतता.

"इथेच अर्धं कळलं," तो म्हणाला. "ट्रॉलीच्या जॅकचंही असंच असतं. पंप ओरडतोय पण ट्रॉली उचलत नाही, तर दोष तेलाच्या बाजूला. तेल कमी असेल, गळत असेल, आत हवा धरली असेल, नाहीतर वॉल्व्ह उघडा राहिला असेल. एक बाजू उचलली आणि दुसरी नाही, तर एका जॅकचं सील गेलं. तेव्हा लगेच थांबायचं, नाहीतर सांगाडा पिळतो. पण पंप ओरडतच नाही, तर तेलाकडे बघायचंच नाही. दोष करंटच्या बाजूला."

मग बॅटरी. मीटर लावला, साडेबाराच्या आसपास व्होल्ट. त्याचं तेवढ्यावर समाधान झालं नाही. "बसलेल्या माणसाची ताकद कळत नाही, ओझं दिल्यावर कळते," म्हणत त्याने हेडलाइट लावून पुन्हा मोजलं. आकडा फारसा उतरला नाही. बॅटरी ठीक. मग फ्यूज. नुसतं डोळ्यांनी बघून नाही, प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना मीटर लावून. ठीक. मग त्याने डिकीतलं बाजूचं कव्हर काढलं. आत पंप दिसला, दोन हातांत मावेल एवढा. त्याच्या प्लगला मीटर लावून तो म्हणाला, "दाबा, सर." मी दाबलं. मीटरवर शून्य. जवळच्या रिलेवर बोट ठेवून त्याने पुन्हा दाबायला सांगितलं. रिलेने 'टक' असा आवाजही केला नाही.

तो मागे सरकला आणि पहिल्यांदाच हसला. "भाई, सव्वा लाख वाचले असं समजा. पंपाचा दोष आहे की नाही ते नंतर बघू, पण आत्ता तरी त्याच्यापर्यंत निरोपच गेलेला नाही. त्याला कुणी बोलावलंच नाही, तर तो येणार कसा?"

मेहुणा म्हणाला, "मग पंपाला बॅटरीवरून डायरेक्ट वायर दे ना! उघडू दे एकदाचं."

"नाही. छताला कुठे थांबायचं ते आतल्या छोट्या स्विचांवरून कळतं. डायरेक्ट दिलं तर ते डोळे मिटून धावेल. काच फोडेल, नाहीतर कुणाचं बोट घेईल." ट्रॉली उचलून ठेवली की खाली लाकडी ठोकळा दिल्याशिवाय आपण आत डोकं घालत नाही, हे त्याने आठवण करून दिलं. कारखान्याच्या पट्ट्यात हा नियम न पाळणाऱ्यांच्या गोष्टी सगळ्यांना माहीत आहेत. मेहुणा गप्प झाला.

आता पुस्तकाची पाळी आली. "सर, छत कधी चालणार नाही, असं कुठे लिहिलंय का बघा." मला ते पान सापडलं. मी एक-एक अट मराठीत सांगत गेलो आणि तो बोटांवर मोजत गेला. चावी चालू हवी. गाडी उभी किंवा अगदी हळू हवी. बॅटरीत जोर हवा. डिकी बंद हवी. लागोपाठ पुष्कळ वेळा चालवलं तर मोटर स्वतःला थंड करायला काही वेळ थांबते. बाहेर फार थंडी असेल तर छत चालत नाही. ही अट ऐकून सगळे खो-खो हसले. इंदापुरात!

शेवटची अट अशी होती: डिकीतला आडवा पडदा खाली ओढून दोन्ही बाजूंनी नीट अडकवलेला हवा. छत घडी होऊन डिकीच्या वरच्या अर्ध्या भागात बसतं. खाली सामान ठेवायचं. मध्ये हा पडदा. तो वर असेल तर सामान उंच रचलेलं असणार, आणि छत त्यावर आदळणार. म्हणून पडदा जागेवर नसेल तर गाडी छताला परवानगीच देत नाही.

"पडदा तर अडकलेलाच आहे," मेहुणा म्हणाला. ड्रायव्हरही म्हणाला. मीही वाकून पाहिलं. दोन्ही हुक जागेवर दिसत होते.

"आपल्याला दिसतोय," मुलगा म्हणाला. "गाडीला दिसतोय का ते बघू."

डाव्या हुकाच्या खाचेत करंगळीच्या नखाएवढा स्विच होता. पडद्याचा हुक बसला की त्याची छोटी पट्टी दाबली जाते आणि 'पडदा जागेवर' असा निरोप जातो. मुलाने स्विचच्या दोन वायरींना मीटर लावला. हुक बसलेला, पण मीटर मुका. मग स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने ती पट्टी किंचित दाबली. मीटर 'पीं' असा वाजला. सोडली, बंद. दाबली, पीं.

पट्टी वाकली होती, एवढंच. रात्री बारामतीहून निघताना डेकोरेशनचा लोखंडी स्टँड डिकीत कोंबला होता, त्याचा धक्का लागला असणार. त्याने चिमट्याने पट्टी सरळ केली, पडदा पुन्हा अडकवला, डिकी लावली. आधी छताच्या आजूबाजूला कुणी नाही याची खात्री केली. "दाबा, सर."

मागून घर्रर्र असा आवाज आला. छत उठलं, सावकाश मागे झुकलं आणि घडी घालून आत गेलं. दारातले उसाचे ड्रायव्हर टाळ्या वाजवायला लागले. मेहुण्याने त्या मुलाला मिठीच मारली.

आणि गंमत बघा, 'दहा-बारा वेळा चालवलं म्हणून पंप जळाला' हे स्पष्टीकरण किती पटण्यासारखं होतं! घटनाही खरी होती. तिचा दोषाशी संबंध मात्र नव्हता. मोटर थंड व्हायला थांबली असती, तरी रात्र उलटल्यावर सकाळी चालली असती. जळली असती तर वास आला असता. पण चटकन पटणारं कारण मिळालं की माणूस पुढचं तपासत नाही.

चहा आला. मी त्याला विचारलं, "चष्मा कधी लागला?" काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं होतं.

"एकोणिसाव्या वर्षी, सर. इथेच हायवेला ट्रक ड्रायव्हरांचं डोळे तपासायचं शिबिर होतं. मी पाणी वाटायला गेलो होतो. रांग संपल्यावर डॉक्टर म्हणाले, तू पण बस. मला त्यांचा वरचा एक मोठा अक्षर सोडला तर काहीच दिसेना." तो हसला. "चष्मा लावून बाहेर आलो तर समोरच्या लिंबाला पानं दिसली. सुटी-सुटी. मला वाटायचं लांबचं झाड सगळ्यांना हिरव्या गोळ्यासारखंच दिसतं."

"मग शाळेत?"

"शाळेत फळा कधी दिसलाच नाही, सर. पांढरं काहीतरी असायचं. शेजारच्याच्या वहीतून बघून लिहायचो."

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. ट्रॉलीचा जॅक कुठे गळत होता ते सांगावं, तसं सांगितलं. पण माझा चहा तसाच राहिला.

कारण मला ती वही आठवली. उर्दू लिपीत बे, पे आणि ते या अक्षरांचं अंग एकच असतं. फरक फक्त नुक्त्यांचा. खाली एक नुक्ता दिला की बे, खाली तीन दिले की पे, वर दोन दिले की ते. या मुलाच्या वहीत नुक्ते वाटेल तिथे पडलेले असत. मराठीच्या वहीत अनुस्वार गायब. मी लाल शाईने गोल करून करून थकलो होतो. एकदा पूर्ण वर्गासमोर म्हणालो होतो, "नुक्ते काय माशांनी बसवले का?" वर्ग हसला होता. प्रगतिपुस्तकात शेरा लिहिला: 'लक्ष नसते. प्रयत्न कमी पडतात.' म्हणजे पंप गेला. नवा टाका.

आणि आता, इतक्या वर्षांनी, मला त्या वहीतली दुसरी गोष्ट आठवली. पाठ्यपुस्तकातून उतरवलेले उतारे बरेचसे बरोबर असायचे. नुक्त्यांसकट. चुका होत्या त्या फळ्यावरून उतरवलेल्या मजकुरात. पुस्तक डोळ्यांपासून वीतभर अंतरावर, फळा वीस फुटांवर. निदान माझ्या हातात होतं. दर आठवड्याला मी ते तपासून, सही करून परत देत होतो.

बी.एड.ला आम्हाला 'नैदानिक चाचणी आणि उपचारात्मक अध्यापन' हा घटक होता. मी त्यावर दीर्घोत्तरी प्रश्न लिहून चांगले मार्क मिळवले होते. संपादन चाचणी मुलाला किती येतं ते सांगते, नैदानिक चाचणी मुलगा नेमका कुठे अडतो ते सांगते. चुकांची संख्या मोजायची नाही, चुकांचं वर्गीकरण करायचं. कुठल्या प्रकारचा प्रश्न चुकतो, कुठल्या परिस्थितीत चुकतो, कुठल्या परिस्थितीत चुकत नाही. हे सगळं मला पाठ होतं. नोकरीला लागलो आणि मी चुका मोजायला लागलो. साठ मुलांचा वर्ग, पोर्शन संपवायची घाई, परीक्षा. कारणं खरी आहेत. दहा-बारा वेळा छत उघडलं होतं, हेही खरंच होतं.

मी त्याला म्हणालो, "माझी चूक झाली, बेटा. मला कळायला हवं होतं."

तो गोंधळला. "तुमची कसली चूक, सर? मी तरी कुठे सांगितलं? मलाच माहीत नव्हतं."

हेच तर आहे. गाडीलाही सांगता येत नव्हतं. समोरच्या काट्यांजवळ छताचं एक चिन्ह नुसतं लुकलुकत होतं. काहीतरी बिनसलंय, एवढंच. काय बिनसलंय ते शोधणं बाहेरच्या माणसाचं काम असतं. त्याचाच त्याला पगार मिळतो.

त्याने मेहुण्याकडून पाचशे रुपये घेतले. मेहुणा दोन हजार देत होता, तर म्हणाला, "पट्टी सरळ केली, भाई. पट्टी सरळ करायचे पाचशेच होतात." निघण्याआधी मी त्याला विचारून एक कार्ड तयार केलं आणि गाडीच्या समोरच्या कप्प्यात ठेवलं. मोठ्या अक्षरांत, मराठीत: 'छत हलत नाही? आधी आवाज ऐका. आवाज येतो आणि छत हलत नाही: तेल, गळती, वॉल्व्ह. एक बाजू हलते, दुसरी नाही: ताबडतोब थांबा. आवाजच नाही: बॅटरी, फ्यूज, डिकीचं झाकण, डिकीतला पडदा. खूप वेळा चालवलं असेल तर अर्धा तास थांबा. डायरेक्ट वायर देऊ नका. आधार दिल्याशिवाय छताखाली हात घालू नका.' त्या कार्डावरचा प्रत्येक शब्द त्याचा, अक्षर फक्त माझं. त्याने ते चष्म्याआडून वाचलं, एका ठिकाणी बोट ठेवलं आणि म्हणाला, "सर, 'गळती'ला वेलांटी दुसरी." मी घाईत पहिली दिली होती.

रविवारी निमगाव केतकीत नवरी उघड्या गाडीतून मांडवात आली. मी गेलो नव्हतो. मेहुण्याने व्हिडिओ पाठवला. छत मागे जाताना एक लहान मुलगी तोंड उघडं टाकून बघत होती. मला गाडीपेक्षा तीच जास्त आवडली.

सोमवारी आठवीच्या वह्या तपासायला घेतल्या. एक मुलगी आहे. तिसऱ्या बाकावर बसते, अनुस्वार विसरते, नुक्ते चुकवते. लाल पेन उचललं आणि खाली ठेवलं. तिची गेल्या दोन महिन्यांची वही काढून दोन रकाने केले. फळ्यावरून लिहिलेलं एका बाजूला, पुस्तकातून लिहिलेलं दुसऱ्या बाजूला. चुका दोन्हीकडे सारख्याच होत्या. तरी खात्री करावी म्हणून तिला शेवटच्या बाकावरून फळा वाचायला लावला. तिने घडाघडा वाचला. वर 'सर, तिथे एक नुक्ता पुसला गेलाय' हेही सांगितलं.

म्हणजे डोळे ठीक आहेत. तेवढं एक तपासून झालं. मग मी तिला एक उतारा तोंडी सांगून लिहायला लावला. पहिल्या चार ओळी बिनचूक. पाचव्या ओळीपासून चुका सुरू. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच केलं, पुन्हा पाचव्या-सहाव्या ओळीपाशी. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीनंतर सांगितला, तेव्हा संपूर्ण उतारा बरोबर आला.

मी तिला हळूच विचारलं, "सकाळी घरून काय खाऊन येतेस?"

ती खाली बघायला लागली.